सोल फूडच्या खानावळीत पहिल्यांदा दुपारचं जेवायला जाताना

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मंडळी मेक्सिकन, थाई, इथिओपियन असं सगळं हौसेनं खाऊन बघतात. सोल फूडच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जेवणाच्या, दाराशी मात्र बरेच जण वर्षानुवर्षं पोचत नाहीत. कारणं विचारली की तीच ती ऐकू येतात. काय मागवायचं कळत नाही, सगळ्यात पोर्क असेल अशी धास्ती वाटते, आणि फळ्यावरची निम्मी नावं कधी ऐकलेलीच नसतात. पहिल्या जेवणाला जाण्याआधी माहीत असावं असं सगळं इथे एकत्र लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाची आहेत, कारण या जेवणासाठी अटलांटासारखं शहर नाही असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लोक फ्राइड चिकनसाठी रांगा लावतात आणि ते चिकन खरंच तसं असतंही, पण या जेवणाचा जीव बाजूच्या भाज्यांमध्ये आहे. त्यांना इथे साइड्स म्हणतात. आधी साइड्स ठरवा, मग मांस. उलट केलंत तर पोट भरेल, पण सोल फूड कळणार नाही.

हे जेवण कुणाचं

सोल फूड म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय लोकांचं जेवण. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्यांना शिधा मिळायचा तो मक्याच्या पिठाचा, खारवलेल्या डुकराच्या मांसाचा आणि कधीमधी काकवीचा. त्यात स्वतःच्या परसातला पाला, नदीतले मासे आणि मालकाच्या ताटात न जाणारे मांसाचे भाग घालून बायकांनी चूल पेटती ठेवली. भेंडी, चवळी, कलिंगड, तीळ हे सगळं आफ्रिकेतून आलं. मका इथल्या मूळ रहिवाशांचा. साधारण १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेले आणि जेवणही त्यांच्याबरोबर गेलं. सोल फूड हे नाव रुळलं ते १९६०च्या दशकात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. ज्या मराठी वाचकाला हे ठाऊक आहे त्याला हे ताट परकं वाटायचं काही कारण नाही.

खानावळींचाही या इतिहासात मोठा वाटा आहे. जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी अटलांटात १९४७ साली ‘पास्कल्स’ सुरू केलं. त्याच वर्षी त्याच रस्त्यावर लुसी जॅक्सन यांनी ‘बिझी बी कॅफे’ उघडलं. तो रस्ता आज मार्टिन लूथर किंग ज्युनियर ड्राइव्ह आहे. नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते किंग आणि त्यांचे सहकारी पास्कल्समध्ये बसून आंदोलनांचे बेत आखायचे, आणि निदर्शनांत अटक होऊन सुटलेल्या विद्यार्थ्यांना तिथे फुकट जेवण मिळायचं. अलाबामातल्या माँटगोमेरीत १९५५-५६ साली वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार पडला तेव्हा जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणींनी चिकन आणि पाय (pie, पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) करून विकले. त्या पैशांतून बहिष्कार घालणाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांमध्ये पेट्रोल पडलं. किंग यांच्यावरच्या खटल्यात साक्ष दिल्यामुळे जॉर्जियाबाईंची स्वयंपाकीणीची नोकरी गेली, तर त्यांनी घरातच खानावळ थाटली. हे माहीत असलं की आपण तिथे जरा वेगळ्या आदराने बसतो.

दिवस आणि वेळ

पहिल्यांदा जाताना रविवार टाळा. रविवारी दुपारी चर्च सुटतं आणि घरंच्या घरं ठेवणीतल्या कपड्यांत जेवायला येतात. ते बघण्यासारखं असतं, पण काय मागवावं हे शांतपणे ठरवायला तेव्हा फुरसत मिळत नाही. मंगळवार ते गुरुवारातला एखादा दिवस निवडा आणि सव्वाअकरा-साडेअकराला पोचा. बाराला ऑफिसवाल्यांची गर्दी सुरू होते. दोननंतर जागा मिळते, पण पदार्थ संपत आलेले असतात. ऑक्सटेल, म्हणजे बैलाच्या शेपटीचं मांस, तर बहुतेक ठिकाणी सगळ्यांत आधी संपतं.

निघण्याच्या दिवशी सकाळी दोन गोष्टी बघून घ्या. एक, खानावळ आज उघडी आहे का. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणारे बरेच आहेत. दोन, आज काय शिजलंय. पुष्कळ ठिकाणी वारानुसार पदार्थ ठरलेले असतात, त्यामुळे मित्राने गुरुवारी खाल्लेलं तुम्हाला मंगळवारी मिळेलच असं नाही. पास्कल्स आता नॉर्थसाइड ड्राइव्हवर, स्टेडियमच्या जवळ आहे. सामना असेल त्या दिवशी तिकडे गाडी घेऊन जाऊ नका.

दारातून आत

खानावळी दोन प्रकारच्या. एका प्रकारात टेबलापाशी वाढपी येतो. दारात नाव आणि माणसं किती ते सांगायचं, नाव पुकारलं की बसायचं. दुसऱ्या प्रकारात कॅफेटेरियासारखी रांग असते. ट्रे घ्यायचा, काचेमागे वाफेवर ठेवलेल्या पदार्थांसमोरून सरकत जायचं, बोट दाखवायचं आणि टोकाला पैसे द्यायचे. ही रांग भराभर पुढे जाते. म्हणून आधी थोडं मागे उभं राहून फळा वाचा, मनाशी ठरवा, मगच रांगेत शिरा. काउंटरवर विचारतात ते या क्रमाने: मांस कुठलं, साइड्स कुठल्या, ब्रेड कुठला.

दक्षिणेत मागणी सांगण्याआधी नमस्कार-चमत्कार होतो. काउंटरवरच्या बाईंनी ‘हाउ यू डूइन, बेबी?’ असं विचारलं तर गोंधळू नका. बेबी, हनी, स्वीटहार्ट ही तिकडची मायेची हाक आहे, सत्तर वर्षांच्या आजोबांनाही तीच मारतात. तुम्ही ‘गुड आफ्टरनून, मॅम’ म्हणा, कसं चाललंय विचारा, मग पदार्थ सांगा. पहिलीच वेळ आहे हेही मोकळेपणाने सांगा. आजचं काय चांगलं झालंय ते त्या स्वतःहून सांगतील आणि त्यांचा सल्ला डोळे मिटून ऐकावा.

मांस

ताटाचा हिशेब सरळ असतो. ‘मीट अँड टू’ म्हणजे एक मांस आणि दोन साइड्स, ‘मीट अँड थ्री’ म्हणजे तीन साइड्स. पहिल्यांदा तीनवालंच घ्या.

फ्राइड चिकन मागितलं की ‘व्हाइट की डार्क’ असं विचारतील. व्हाइट म्हणजे छातीचा तुकडा आणि पंख, डार्क म्हणजे तंगडी आणि मांडी. डार्क घ्या. ते रसरशीत राहतं आणि चवही त्यालाच जास्त. मागणी आल्यावर तळणाऱ्या ठिकाणी वाट बघावी लागते, पण ती वाट बघण्याजोगी असते. शेंगदाण्याचं वावडं असेल तर तळणीचं तेल कुठलं ते विचारा, काही जण शेंगदाण्याचं तेल वापरतात. ‘स्मदर्ड’ लिहिलेलं असेल तर तो तुकडा कांद्याच्या दाट ग्रेव्हीत मुरवलेला असतो. कॅटफिश हा गोड्या पाण्यातला मासा मक्याच्या पिठात घोळवून तळतात. काटे काढता येणाऱ्यांनी फिले (काटे काढलेला तुकडा) न घेता अख्खा मासा मागावा.

बीफ आणि पोर्क दोन्ही न खाणाऱ्यांना चिकन आणि माशाखेरीज टर्कीचे पंख हा उत्तम पर्याय आहे. चांगले भाजून, ग्रेव्हीत शिजवलेले असतात आणि मांस हाडावरून अलगद सुटतं. ऑक्सटेल म्हणजे बीफ, मीटलोफ (खिमा थापून भाजलेली लादी) हाही सहसा बीफचाच. चिटलिन्स म्हणजे डुकराची वजडी. ती साफ करायला तासन् तास लागतात आणि शिजताना दर्प येतो. घरी वजडी आवडीने खाल्लेली असेल तर थोडी चाखायला मागा, नसेल तर पहिल्या दिवशी राहू द्या.

साइड्स

इथे मात्र घाई करू नका.

पहिली जागा कॉलर्ड ग्रीन्सची. कॉलर्ड हा कोबीच्या कुळातला, रुंद आणि जाड पानांचा पाला. तो धुऊन, चिरून, धुरावलेल्या मांसाच्या तुकड्याबरोबर मंद आचेवर तासाहून जास्त वेळ शिजवतात. रंग गडद, जवळजवळ शेवाळी होतो. पान मऊ पडतं, पण त्याचा लगदा होत नाही, आणि वाटीच्या तळाशी हिरवट-तपकिरी पाणी उरतं. त्याला पॉट लिकर म्हणतात. पाल्याचा सगळा कस त्यात उतरलेला असतो. वर तेलाचे बारीक थेंब तरंगत असतात, वास धुराचा येतो, चव आधी खारट, मग किंचित कडू आणि शेवटी गोडसर लागते. ते पाणी टाकून देणं म्हणजे अर्धं जेवण टाकणं. वाढणारा चमचा निथळून वाढत असेल तर ‘विथ द पॉट लिकर, प्लीज’ असं सांगा.

ते खायचं कसं? कॉर्नब्रेडचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पावाचा, तुकडा हाताने मोडा आणि आपण रश्शात भाकरी कुस्करतो तसा त्या पाण्यात कुस्करा. दोन मिनिटं भिजू द्या, मग पाल्यासकट चमच्याने खा. टेबलावर हिरव्या-लाल मिरच्या घातलेल्या व्हिनेगरची छोटी बाटली असते. तिचे चार-पाच थेंब टाकले की चव एकदम खुलते. हाताने खायला संकोच वाटायचं कारण नाही. चिकन आणि कॉर्नब्रेड सगळेच हाताने खातात.

ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी. ही चव तुम्हाला लगेच ओळखू येईल, फक्त फोडणी नसते आणि मसाल्याच्या जागी धुरकट मांसाची चव असते. चवळी-भाताला हॉपिन जॉन म्हणतात, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ते ग्रीन्ससोबत खाल्लं की वर्ष भरभराटीचं जातं अशी इथली समजूत आहे. भेंडी दोन तऱ्हांची मिळते: मक्याच्या पिठात तळलेली कुरकुरीत, नाहीतर टोमॅटोत शिजवलेली. मला शिजवलेली जास्त आवडते. कँडीड यॅम्स म्हणजे लोणी, साखर, दालचिनी आणि जायफळ घालून शिजवलेली रताळी. ती गोड असतात आणि जेवणातच खायची असतात, शेवटासाठी मागे ठेवायची नसतात. मॅक अँड चीज इथे भाज्यांच्या यादीत असतं आणि ते डब्यातल्या पाकिटासारखं पातळ नसतं. भट्टीत भाजून वड्या पाडण्याइतकं घट्ट, कडेला चीज करपून खरपूस झालेलं. ‘कॉर्नर पीस’ मागून बघा, असेल तर देतात. याशिवाय कोबी, बटर बीन्स, बटाट्याचं सॅलड, भात-ग्रेव्ही हे असतंच.

तीन साइड्स निवडताना मी एक नियम पाळते: एक पाल्याची, एक भरभक्कम आणि एक गोड. म्हणजे ग्रीन्स, मॅक अँड चीज आणि यॅम्स, किंवा ग्रीन्स, चवळी-भात आणि यॅम्स. तिन्ही मऊ आणि पांढरट घेतल्यात तर चार घासांत कंटाळा येईल.

हॉट सॉसची बाटली समोर असली तरी आधी चाखा. न्यू ऑर्लिन्सच्या ‘डूकी चेज’मध्ये २००८ साली बराक ओबामांनी चव न घेताच गम्बोत (तिथल्या दाट रश्शात) हॉट सॉस ओतला, तेव्हा तिथल्या विख्यात स्वयंपाकी लिया चेज यांनी त्यांना सगळ्यांदेखत दटावलं होतं. तिखटाची सवय असलेल्या आपल्या लोकांचा हात लगेच बाटलीकडे जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. चिकनवर आणि माशावर हॉट सॉस खुशाल घाला. ग्रीन्सवर व्हिनेगर बरं.

शाकाहारी असाल तर

इथे पूर्ण सावध राहायला हवं. ग्रीन्स, चवळी, बीन्स, कोबी या सगळ्यांत पारंपरिक पद्धतीने मांस असतं. पोर्क नाही असं सांगितलं तरी त्याऐवजी धुरावलेली टर्की असू शकते, म्हणून ‘पोर्क आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आर द ग्रीन्स कुक्ड विथ एनी मीट ऑर मीट ब्रॉथ?’ असं स्पष्ट विचारा. कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी आणि पायच्या पापुद्र्यात डुकराची चरबी पडते का, तेही विचारा. यॅम्सवर मार्शमेलो असतील तर त्यांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. तळलेली भेंडी बऱ्याचदा चिकनच्याच तेलात तळतात. ग्रेव्ही तर सोडूनच द्या.

हे सगळं वगळूनही मॅक अँड चीज, यॅम्स, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि चौकशी करून घेतलेला कॉर्नब्रेड असं जेवण होतं. मांस नको म्हणणाऱ्यांसाठी नुसत्या तीन-चार साइड्सचं ‘व्हेजिटेबल प्लेट’ही मिळतं, मात्र नावात व्हेजिटेबल असलं तरी ते शाकाहारी असेलच असं नाही. कडक शाकाहारी असाल तर माझा सल्ला वेगळा आहे. अटलांटात आणि शिकागोत कृष्णवर्णीयांनीच चालवलेल्या पूर्ण शाकाहारी सोल फूडच्या खानावळी कित्येक वर्षांपासून आहेत. तिथे जा. ग्रीन्स आणि पॉट लिकर मनात शंका न ठेवता खाता येतात, आणि ते खाणं फार महत्त्वाचं आहे.

पेय आणि गोड

‘स्वीट ऑर अनस्वीट?’ हा प्रश्न बर्फाच्या चहाबद्दल असतो. दक्षिणेतला स्वीट टी आपल्या चहापेक्षाही बराच गोड असतो. पहिल्यांदा ‘हाफ अँड हाफ’ घ्या, म्हणजे दोन्ही निम्मं निम्मं. टेबलावर वाढणाऱ्या ठिकाणी तो बहुतेकदा पुन्हा भरून मिळतो. लाल रंगाचं गोड सरबत दिसलं तर एकदा जरूर प्या. पश्चिम आफ्रिकेतल्या अंबाडीच्या कुळातल्या फुलांच्या लाल सरबताशी त्याचं नातं जोडतात, आणि १९ जूनच्या जुनटीन्थला ते हमखास असतं. १८६५ साली त्या दिवशी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये गुलामांच्या मुक्तीचा हुकूम वाचला गेला.

गोडात पीच कॉब्लर (पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड), बनाना पुडिंग आणि रताळ्याचा पाय. दोघांत एक पुरतं. जॉर्जियात असाल तर पीच कॉब्लर.

बिल

अटलांटा शहरात बिलावर ८.९ टक्के कर लागतो. वाढपी असेल तर टिप १८ ते २० टक्के द्या आणि त्यात हात आखडू नका. टिपवर काम करणाऱ्यांचं संघराज्याने ठरवलेलं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून तेवढंच आहे. म्हणजे त्या माणसाचा खरा पगार तुम्ही देत असता. माणसं जास्त असतील तर टिप बिलातच धरलेली असते, तेवढं बघून घ्या. रांगेच्या ठिकाणी गल्ल्याजवळच्या बरणीत दोन-चार डॉलर टाका. ताटाचा फोटो काढायला हरकत नाही. काचेमागच्या माणसांचा काढायचा असेल तर आधी विचारा.

दुसऱ्या शहरात असाल तर

न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या मंडळींना हार्लेममधलं ‘सिल्व्हियाज’ जवळ आहे. सिल्व्हिया वुड्स यांनी ते १९६२ साली सुरू केलं. २ किंवा ३ नंबरची सबवे पकडून १२५व्या रस्त्यावर उतरलं की चालत दोन मिनिटं. वॉशिंग्टनमध्ये १९४४ पासूनचं ‘फ्लॉरिडा अ‍ॅव्हेन्यू ग्रिल’, मेम्फिसमध्ये १९४६चं ‘द फोर वे’, नॅशव्हिलमध्ये १९५४चं ‘स्वेट्स’. न्यू ऑर्लिन्सच्या डूकी चेजचं जेवण क्रिओल, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी पद्धती मिसळलेल्या, वळणाचं आहे, पण तिथे गेलात आणि गम्बो न खाता परत आलात असं करू नका.

उरलेलं घरी नेताना

ताट संपणार नाही हे धरूनच चला. ‘टू-गो बॉक्स’ मागितला की देतात. ग्रीन्स मात्र चिकनसोबत एका डब्यात भरू नका, पाण्याने चिकनचं आवरण मऊ पडतं. त्यांच्यासाठी झाकणाचा वेगळा कप मागा आणि पॉट लिकर त्यात ओतून घ्या. चिकन मायक्रोवेव्हमध्ये नको. ओव्हनमध्ये ३७५ फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं ठेवलं की पुन्हा कुरकुरीत होतं. ग्रीन्स दुसऱ्या दिवशी मुरून जास्त चांगल्या लागतात, म्हणून निघताना कॉर्नब्रेडचा एक तुकडा जास्तीचा विकत घ्या.